गरम झाल्यावर मोज

तर्जनीएवढी काळी पट्टी.
शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली
तर आकडा हललाच नाही.
खोक्यावर छापलंय : सेकंदाला सात हजार.
सात हजार काय, ते बारीक अक्षरात.
‘पर्यंत’ हा शब्द त्याहून बारीक.
मी वहीत आधी तो शब्द उतरवून घेते.

त्रिमूर्ती चौकामागच्या गल्लीत माझं दुकान.
रविवारी कौस्तुभ काकुळते येणार,
आठ महिन्यांची ओव्हरटाइम खिशात घेऊन,
एकच प्रश्न विचारायला : ताई, घेऊ का?

सकाळचे सात. निफाडचा पारा पेपरात पाच अंशांवर.
रिकामी पट्टी, गारठलेली खोली.
सहा हजार नऊशे चाळीस.
बरं.
पहाटे गंगापूर रोडला कुणाचीही स्कूटर पळते.
मला द्वारका चौक बघायचाय,
संध्याकाळी साडेसहाचा.

म्हणून भरते तिला.
ड्रॅगनचे खेळ, ट्रकचे खेळ,
एक नुसता मासे धरण्याचा, एकशे चाळीस जीबी,
एवढ्यात गंगापूर धरण गाळासकट मावलं असतं.
ऐंशी टक्के भरली, मग वरून
एकच अवाढव्य फाइल लिहायला लावते.
चाळीस सेकंद ऐटीत.
एकेचाळिसाव्याला रेघ
रामशेजच्या कड्यासारखी सरळ खाली :
नऊशे.
तापमान त्र्याऐंशी.

मागे बाबा उभे. अंबडला एकोणतीस वर्षं लेथवर,
निवृत्त होऊनही खिशात मायक्रोमीटर.
‘जॉब गार होऊ दे, मग मोज.
गरम लोखंड खोटं बोलतं.’
म्हटलं, बाबा, इथे उलटं आहे.
हे गार असताना खोटं बोलतं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग पट्टीजवळ बोट नेलं,
न टेकवता मागे घेतलं, आणि
‘ब्याऐंशी असेल’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जुन्या मित्राच्या गाळ्यातून
अॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन आले,
सहा पाती कापलेली, कडा घासलेल्या,
हात कापू नये कुणाचा म्हणून.
पट्टीवर बसवला. चौसष्ट.
रेघ आता कड्यावरून उडी मारत नव्हती,
पायऱ्यांनी उतरत होती.

तेवढ्यात वीज गेली.
शनिवार, महावितरणचा दिवस, विसरलेच होते,
आणि यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली.
ही चाचणी माझ्या यादीत नव्हती.
अंधारात पंखे थांबत गेले एकेक.
चार वाजता वीज आली. उघडून बघितलं :
लिहीत असलेली फाइल अर्धी गेली, ते रास्त आहे.
आधीचं सगळं जागेवर. मासेसुद्धा.
वहीत हे मी लाल पेनानं लिहिलं.

रविवारी कौस्तुभला खरं ते सांगितलं :
तुझ्याकडची साधी पट्टी खेळ उघडते चौदा सेकंदांत.
ही अकरा.
मधले तीन सेकंद साडेचार हजारांना पडतात.
‘ताई, तीन सेकंदांत समोरचा गोळी घालतो.’
खेळ उघडत असताना कोण गोळी घालतं रे?
तो हसला. वही उलटी करून पुन्हा वाचली,
लाल ओळीवर थांबला.
मग म्हणाला, आमच्या गल्लीतही शनिवारीच जाते.
आणि पैसे मोजायला लागला.

मला वाटलं होतं, नाही घेणार.
घेऊ नये, असंच थोडं सुचवलं होतं मी.

पात्यांच्या तुकड्याचे पैसे बाबांनी घेतले नाहीत.
स्क्रू आवळून दिले, पाव फेरा मागे फिरवले,
आणि म्हणाले, पोरा, आत्ता थंडी आहे.
एप्रिलमध्ये एकदा दुपारी खेळ,
पंखा बंद ठेवून,
आणि किती तापते ते येऊन सांग.

वहीत त्याच्या नावापुढे
एक रकाना रिकामा ठेवलाय.